कोविडचं पारडं आणि बाकीचा हिशेब

सिरुसेरीच्या सिपकॉट आयटी पार्कमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला राजकारण दोन भाषांत ऐकावं लागतं. दुपारी तमिळ सहकाऱ्यांबरोबर स्टॅलिन यांचा विषय निघतो आणि रात्री गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उद्धव ठाकरे यांचा. वाद मात्र एकच. कोविडमध्ये माणसानं चांगलं काम केलं, मग बाकीचं सोडून द्यायचं का?

आधी इथलं. स्टॅलिन यांनी 7 मे 2021 ला शपथ घेतली तेव्हा दुसरी लाट जोरात होती. पहिल्याच दिवशी त्यांनी सह्या केल्या. तांदळाच्या रेशनकार्डावर 4,000 रुपयांची मदत, त्यातले 2,000 लगेच मे महिन्यात. आणि साध्या बसमध्ये बायकांना मोफत प्रवास. सही एकाच दिवशीची, पण पहिली गोष्ट संकटापुरती आणि दुसरी वर्षानुवर्षं चालणारी. बसचा निर्णय तपासायचा तर परिवहन महामंडळाचा तोटा बघा, कामाला जाणाऱ्या बाईचे वाचलेले पैसे बघा. त्यात कोविड आणायचं कारण नाही.

आता आपल्याकडचं. ठाकरे यांचे समर्थक त्यांना आजही 'कुटुंबप्रमुख' म्हणतात. फेसबुक लाइव्हवर येऊन, आवाज न चढवता बोलणारा मुख्यमंत्री लोकांना भावला. मलाही. पण आवाज म्हणजे कारभार नव्हे. कारभार कुठे दिसला? मुंबईत 24 वॉर्डांत वॉर रूम उभ्या राहिल्या. एप्रिल 2021 मध्ये ऑक्सिजन कमी पडतोय म्हटल्यावर एका रात्रीत सहा रुग्णालयांतले 168 रुग्ण दुसरीकडे हलवले. 5 मे 2021 ला सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीच्या ऑक्सिजनवरून सुनावणी घेताना मुंबई महापालिकेकडून शिका असं सांगितलं. विरोधक म्हणतात, हे आयुक्त इक्बालसिंह चहल यांचं श्रेय. असेल. पण मे 2020 मध्ये त्यांना तिथं नेमलं ठाकरे सरकारनंच. योग्य माणूस निवडणं हेही मुख्यमंत्र्याचंच काम.

मग त्याच वहीत नाशिकही लिहा. 21 एप्रिल 2021 ला झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची गळती झाली आणि किमान 22 रुग्ण गेले. भंडाऱ्यात जानेवारीत दहा नवजात बाळं आगीत गेली होती. राज्याची अधिकृत मृत्युसंख्या 1 लाख 48 हजारांवर गेली, देशात सर्वांत जास्त. (नोंद नीट ठेवणाऱ्या राज्याचा आकडा मोठा दिसतो, हे खरं. पण प्रत्येक वेळी तेवढंच उत्तर पुरत नाही.) मुंबईचं श्रेय घ्यायचं आणि नाशिक म्हटलं की 'स्थानिक यंत्रणा' म्हणायचं, हे चालणार नाही.

आणि हे सगळं नीट लिहिलं तरी कारशेडचा प्रश्न सुटत नाही. आरेतली कारशेड थांबवली, ऑक्टोबर 2020 मध्ये कांजूरमार्गला नेली, डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाची स्थगिती आली, आणि जुलै 2022 मध्ये नव्या सरकारनं ती पुन्हा आरेत आणली. झाडांसाठी घेतलेली भूमिका मला पटते. पण जागेच्या मालकीचा वाद आधी मिटवला नाही, त्यात वर्षं गेली. रिफायनरीचंही तसंच. नाणारला विरोध, मग जानेवारी 2022 मध्ये बारसूची जागा सुचवणारं पंतप्रधानांना पत्र, मग 2023 मध्ये बारसूच्या आंदोलकांच्या भेटीला. कोकणातल्या शिवसैनिकानं यातली नेमकी कुठली भूमिका गावात सांगायची?

समर्थक इथं चटकन म्हणतो, 'पण कोविडमध्ये जीव वाचवले ना!' हो, वाचवले. त्याबद्दल मत द्यायचं असेल तर जरूर द्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ज्याची जमीन जाणार आहे त्याला हे उत्तर देऊ नका. त्यानं विचारलेलंच वेगळं आहे. 2024 मध्ये लोकसभेला नऊ जागा आल्या आणि सहाच महिन्यांत विधानसभेला वीस. लोकसभेच्या मानानं फारच कमी. फूट, चिन्ह, पैसा ही कारणं आहेतच. पण प्रचारात पुढच्या पाच वर्षांचं बोलण्यापेक्षा गद्दारी आणि जुनं काम यांवरच भाषणं जास्त झाली, असं माझं मत आहे.

बरं, आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेत रत्नागिरीकरांनी केव्हाचा हात वर केलाय, त्यांच्यापासूनच सुरुवात करू.