गाडीच्या तारखा आपल्या फोनमध्ये



आपल्या बचत गटांतून कर्ज घेऊन आता शेळ्या आणि शिलाई मशीनच नव्हे, तर टेम्पो, रिक्षा, पिकअपही घरी येतात. गाडी नवरा चालवतो, मुलगा चालवतो. काही ताई स्वतःही चालवतात. पण कर्जाचा हप्ता गटात आपल्या नावावर असतो. गाडी दारात उभी राहिली की हप्ताही अडतो. म्हणून गाडीच्या कागदांच्या तारखा आपल्याला माहीत हव्यात.

कागद किती? आरसी, विमा, पीयूसी, पासिंग म्हणजे फिटनेस, लागू असेल तर परमिट, आणि चालवणाऱ्याचं लायसन. प्रत्येकाची मुदत वेगळी. विमा बहुधा दर वर्षी भरावा लागतो. पीयूसी गाडीप्रमाणे सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं. धंद्याच्या गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी, त्यानंतर दर वर्षी. लायसनवर खासगी आणि व्यावसायिक गाडीच्या तारखा वेगवेगळ्या छापलेल्या असतात, त्या दोन्ही वाचा. लायसन संपून एक वर्षाच्या वर गेलं, तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

आमच्याकडच्या एका गटातल्या ताईंची भाजी वाहणारी तीनचाकी आहे. कागद पेटीत नीट घडी करून ठेवलेले, पण विमा संपून अकरा दिवस झाले होते, हे रस्त्यात गाडी अडवल्यावर कळलं. दंड झाला. तेवढ्यावर निभावलं. त्या अकरा दिवसांत अपघात झाला असता, तर समोरच्याची भरपाई घरावरच आली असती.

यावर उपाय मोबाईलमध्ये आहे. सरकारची दोन ॲप आहेत, एमपरिवहन आणि डिजिलॉकर. दोन्ही फुकट. एमपरिवहनमध्ये गाडीचा नंबर टाकला की विमा, पीयूसी, फिटनेस कधीपर्यंत आहे ते दिसतं. डिजिलॉकरसाठी आधारला जोडलेला मोबाईल नंबर लागतो. त्यात लायसन आणि आरसी घेता येते. या ॲपमधले कागद मूळ कागदाइतकेच ग्राह्य धरावेत, असं केंद्र सरकारने 2018 मध्ये राज्यांना कळवलं आहे. फोनमध्ये काढलेला नुसता फोटो मात्र त्या जागी चालत नाही.

आता महत्त्वाचं काम. तारीख बघून ॲप बंद करू नका. फोनच्या कॅलेंडरमध्ये प्रत्येक कागदाची आठवण लावा. विम्याची एक महिना आधी, पीयूसीची आठवडाभर आधी. पासिंगची दीड महिना आधी लावा, कारण ब्रेक, दिवे, टायर, रंग यांची कामं निघतात आणि त्याला पैसा लागतो. गाडी चालवणाऱ्याच्या फोनमध्येही लावा आणि स्वतःच्याही. एक फोन पाण्यात पडला तरी दुसरा आठवण देईल.

तारीख कळली की खर्चाचा महिनाही कळतो. विमा आणि पासिंगला वर्षाला किती लागतात ते काढा, बारांनी भागा, आणि तेवढे पैसे दर महिन्याला बाजूला टाका. ऐन वेळी सावकाराकडे जावं लागणार नाही. गटाने गाडीसाठी कर्ज दिलं असेल, तर मासिक बैठकीत हप्त्याबरोबर या तारखाही वाचा. रजिस्टरमध्ये एक पान पुरेल. ज्या ताईंकडे साधा फोन आहे, त्यांनाही त्या पानाचा आधार होईल.

एक सावधगिरी. ‘तुमच्या गाडीवर चलन आहे, ही फाईल उघडा’ असे व्हॉट्सॲप मेसेज येतात. ती फाईल उघडू नका, त्यातून बँकेचे पैसे जातात. ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घ्या. ओटीपी कोणालाही सांगू नका, आरटीओतून बोलतोय म्हणाला तरी नाही.

या आठवड्यात एवढंच करा. घरच्या गाडीचा नंबर टाकून तारखा बघा आणि वहीत उतरवा. येत नसेल तर गटातल्या कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या मुलीला शेजारी बसवा. पण बटण तुम्हीच दाबा, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हाला जमेल.