एक भट्टी, अनेक गाळे
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



सेक्रेटरीबाईंनी मला कारखान्यांच्या धुरावर बोलायला सांगितले. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, मोठे शास्त्र मला येत नाही. पण आमच्या यजमानांचा भांड्यांचा गाळा आहे आणि त्याचा जमाखर्च मी लिहिते. तेवढ्या अधिकाराने चार शब्द बोलते.

भाईंदरची स्टीलची भांडी दूरदूर जातात. पत्र्याची चकती प्रेसखाली दाबली की डबा होतो. पण दाबलेले पोलाद कडक होते. पुन्हा ओढायचे तर ते हजार अंशांच्या वर तापवून मऊ करावे लागते. मग पॉलिश. भट्टीला गॅस किंवा तेल लागते, पॉलिशला वीज.

विजेचा धूर गाळ्यात दिसत नाही, पण आपल्या देशात वीज बहुतांशी कोळसा जाळून होते. एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कर्बवायू हवेत जातो. पाच अश्वशक्तीची मोटर पूर्ण भाराने आठ तास चालली, तर सुमारे ३० युनिटे, म्हणजे वीस किलोंच्या वर वायू! हा वायू पांघरुणासारखा पृथ्वीची ऊब धरून ठेवतो आणि समुद्र चढतो. आपले गाव खाडीकाठचे, मिठागरांचे. पाणी आधी कोणाच्या उंबऱ्याला लागेल, हे मी सांगायला नको.

यावर एकट्या गाळेवाल्याने काय करावे? एकट्याने थोडेच होते. आपल्यापैकी पुष्कळजणींनी दिवाळीत नानकटाईचे ताट बेकरीत नेले आहे. प्रत्येकीने घरी भट्टी बांधली नाही. बेकरीची भट्टी तापलेलीच असते, ताटे एकामागून एक आत जातात. गाळ्यात मात्र उलटे चालते. थोड्या मालासाठी भट्टी पेटवायची. आधी तिच्या विटा तापतात, मग माल. काम संपले की सगळी ऊब वाया. चार-पाच जणांनी दिवस ठरवून एक चांगली भट्टी चालवली, तर इंधन किती वाचेल!

छपराचेही तसेच. सूर्यावरची वीज घ्यायची तर छप्पर साऱ्या गाळ्यांचे सामाईक, एकाच्या संमतीने काही होत नाही. तपासनीस बोलवायचा तर एकट्याला त्याची फी जड, दहाजणांत वाटली तर हलकी. ऊर्जा दक्षता ब्युरो ही केंद्र सरकारची संस्था २००२ साली निघाली. लहान उद्योगांचे गट निवडून तिने काम केले, त्यांत आपल्या सोलापूरचा कापडउद्योगही होता. एका गटातली यंत्रे बहुतेक सारखी असतात, म्हणून एकाकडे सापडलेला उपाय शेजाऱ्यालाही लागू पडतो.

आमच्या घरी हा विषय निघाला तेव्हा यजमान म्हणाले, "शेजाऱ्याला बिल दाखवले तर तो माझा भाव ओळखेल." त्यांचे म्हणणे खोटे नाही. गिऱ्हाईक एक आणि विकणारे दहा, तिथे विश्वास कुठून यायचा? म्हणून मी सुचवते की बिल दाखवूच नये. प्रत्येकाने महिन्याचा गॅस, महिन्याची वीज आणि तयार माल किती किलो, एवढेच लिहावे. वहीत नावाऐवजी नुसता क्रमांक. किलोमागे कोणाला किती युनिटे लागतात हे कळले, की ज्याला जास्त लागतात तो आपणहून विचारील, "पहिल्या क्रमांकवाला करतो तरी काय?" कदाचित त्याच्या कॉम्प्रेसरच्या नळीतून हवा गळत नसेल, एवढेच!

बाहेरचे जगही थांबलेले नाही. जानेवारी २०२६ पासून युरोपात लोखंड, ॲल्युमिनियम, सिमेंट अशा मालावर कर्बवायूच्या हिशेबाने आकारणी लागू झाली आहे. उद्या ही यादी वाढली आणि आपल्याकडे हिशेबच नसला, तर मालकाचे नुकसान होईलच; पण पॉलिशवर बसणाऱ्या कामगाराची चूल आधी थंडावेल.

हे काम पुरुषांचे, असे कोणी म्हणेल. पण भिशीत पैशाचा विश्वास आपण रोज सांभाळतो. मग ती वही सांभाळायला आपले मंडळ काय वाईट? भगिनींनो, आज घरी गेल्यावर फक्त एक प्रश्न विचारा: "एक किलो मालाला आपल्याला वीज किती लागते?" उत्तर आले तर लिहून ठेवा. आले नाही, तर तिथूनच कामाला सुरुवात करा.