बिदरचा कडा केव्हा पाहावा?

हिमालयाचे दर्शन घ्यावयास निघणारा महाराष्ट्रीय कुटुंबवत्सल गृहस्थ बहुधा मे महिन्यात निघतो. मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात, कचेरीतून रजा मिळालेली असते, आणि घरी उन्हाचा ताप असह्य झालेला असतो. दार्जिलिंगच्या टायगर हिलवर तो पहाटेच्या काळोखात जाऊन उभा राहतो. समोर ८५८६ मीटर उंचीचे कांचनगंगेचे शिखर असते. परंतु डोळ्यांना पुष्कळदा दिसतो तो केवळ एक करडा पडदा. दर्शन नशिबात नव्हते, असे म्हणत तो परततो. वास्तविक यात नशिबाचा अंश थोडा आणि पंचांगाचा अधिक. वैशाखात मैदानातील धूळ वर चढून हवा गढूळ झालेली असते, आणि पावसाची चाहूल देणारे ढगही वारंवार जमू लागतात. पावसाळा सरला की तीच हवा धुऊन निघते, व ऑक्टोबर-नोव्हेंबरात तेच शिखर लखलखीत दिसते.

हा नियम केवळ हिमालयाला लागू आहे असे नाही. उंचावर उभे राहून दूरवर पाहावयाचे असेल, तर स्थळ कोणते याइतकाच ऋतू कोणता, हाही प्रश्न महत्त्वाचा ठरतो. याचे एक उत्तम उदाहरण मराठी माणसाच्या अगदी उंबरठ्यावर आहे. मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू या चारही भाषा जेथे एकाच बाजारात कानी पडतात, त्या बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागातील ते उदाहरण होय. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली, तेव्हा उदगीर व निलंगा हे तालुके एकीकडे आले, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद दुसरीकडे गेले. परंतु सोयरिकी आणि बाजारहाट यांनी ती रेषा कधी फारशी मानली नाही.

बिदर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २२०० फूट उंचीच्या पठारावर वसलेले आहे. हे पठार जांभ्या दगडाचे आहे, आणि त्याच्या अगदी काठावर बहामनी सुलतानांचा किल्ला उभा आहे. ज्या बाजूंना पठार सपाट चालू राहते, त्या बाजूंना खडक कोरून खंदक केलेला आहे. काही भागात तो एकापुढे एक असा तिहेरी आहे. उत्तरेस व पूर्वेस मात्र खंदकाची गरजच पडली नाही. तेथे पठाराचा कडा तुटतो, आणि तटावरून पाहणाऱ्याच्या पायाखालून मांजरा नदीच्या खोऱ्याकडे उतरत जाणारी विस्तीर्ण सखल भूमी पसरते. शेते, वस्त्या, तळी, झाडांच्या राई, आणि शेवटी आकाशाला टेकलेली निळसर रेषा. या तटावर केव्हा जावे?

प्रवासाच्या पुस्तकांत याचे उत्तर ठरीव असते: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हे उत्तर चुकीचे नाही. त्या दिवसांत ऊन सोसवते, पायी हिंडता येते, मुले कंटाळत नाहीत. परंतु शरीराला सुखकर असलेला ऋतू व दृष्टीला अनुकूल असलेला ऋतू, हे दोन एकच असतात असे नाही.

पौषातील पहाट घेऊ. रात्री आकाश निरभ्र असते, वारा पडलेला असतो, आणि जमीन लवकर निवते. तिच्यालगतची हवाही थंड होऊन जड होते व खोलगट भागात साचून राहते. तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. चुलींचा धूर, गाडीवाटेची धूळ, मळणीचा भुसा, हे सारे त्या झाकणाखाली कोंडले जाते. म्हणून हिवाळ्यात सकाळी तटावरून पाहणाऱ्यास खाली पुष्कळदा धुक्याचा व धुराचा पांढुरका थर दिसतो. त्यातून एखाद्या देवळाचा कळस किंवा मशिदीचा मिनार तेवढा वर डोकावतो. हे दृश्य स्वतःच्या परीने रमणीय आहे. परंतु खोरे पाहावयास आलेल्याला उन्हे चढून तो थर विरेपर्यंत वाट पाहावी लागते.

चैत्र-वैशाखाची गोष्ट निराळी. पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. सखल भागातील कलबुर्गीत ताप याहूनही अधिक असतो. तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या लाटांमुळे दूरचे झाड पाण्यात थरथरल्यासारखे दिसते, आणि वावटळी क्षितिज पुसून टाकतात. दूरदर्शनास हा काळ सर्वांत वाईट. परंतु ज्याला दूरचे नव्हे तर जवळचे पाहावयाचे आहे, म्हणजे दुर्गरचनेचा अभ्यास करावयाचा आहे, त्याने फाल्गुन-चैत्रातील सकाळीच जावे. गवत वाळून गेलेले असते, वेली झडलेल्या असतात, आणि खंदकाच्या भिंतीवर छिन्नीने खडक कसा तासला, हे तेव्हा उघड दिसते.

पावसाळ्याचे वर्णन एका परक्या प्रवाशाने करून ठेवले आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलच्या किनाऱ्यावर उतरून जुन्नरमार्गे बिदरला आला व या भागात बराच काळ राहिला. आळंदच्या जत्रेतील घोड्यांच्या बाजाराचीही त्याने नोंद केली आहे. ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी येणाऱ्या त्रैक्याच्या सणापासून येथे चार महिने रात्रंदिवस पाणी व चिखल असतो, असे त्याने लिहिले; आणि विशेष म्हणजे, या काळाला त्याने ‘हिवाळा’ म्हटले. त्याच्या देशात माणसाला घरात कोंडणारा ऋतू हिवाळाच, म्हणून कोंडणाऱ्या ऋतूला त्याने तेच नाव दिले. मात्र याच दिवसांत येथील लोक नांगरतात व पेरतात, हेही त्याच्या नजरेतून सुटले नाही. प्रवाशाचा अडचणीचा ऋतू तो शेतकऱ्याचा कामाचा ऋतू, हे त्या परदेशी माणसाने ओळखले होते. आजही मृगापासून पुढे तटावर जाणे अगदीच अशक्य नाही. परंतु जांभ्यावर शेवाळ धरते, पायऱ्या निसरड्या होतात, आणि ढग उतरले म्हणजे समोर काहीच दिसत नाही.

राहिला तो हस्त, चित्रा व स्वाती या नक्षत्रांचा काळ. म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा. बिदरच्या कड्यावरून दूरवर पाहावयाचे असेल तर हाच काळ निवडावा, आणि त्याला तीन कारणे आहेत.

पहिले कारण हवेचे. चार महिन्यांच्या सरींनी धूळ खाली बसविलेली असते, जमीन अजून ओली असल्याने नवी धूळ उठत नाही, व थंडी पडली नसल्याने धुराचा थर साचलेला नसतो. दुसरे कारण प्रकाशाचे, आणि याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. बिदर सुमारे अठरा अक्षांशांवर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात व पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य मध्यान्ही तेथे थेट डोक्यावर येतो. या दोन दिवसांच्या दरम्यान तो किंचित उत्तरेकडेच असतो, आणि उगवतो-मावळतोही उत्तरेकडे सरकून. अर्थात उत्तर तटावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांत तेव्हा सकाळ-संध्याकाळ ऊन येते. २३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस-रात्र समान झाल्यावर सूर्य दक्षिणेकडे झुकतो. मग तो पाहणाऱ्याच्या पाठीशी राहतो, व समोरच्या खोऱ्यावर तिरपा, स्वच्छ प्रकाश पडतो. तिसरे कारण पिकांचे. मूग-उडीद निघून गेलेले असतात, रब्बी ज्वारीची काळी, ओलसर शेते पेरणीने रेखलेली असतात, आणि पुढे तुरीला पिवळी फुले येऊ लागतात. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तुरीची शेते फुललेली पाहावयाची तर हाच हंगाम.

एक सावधगिरीची सूचना मात्र आवश्यक आहे. परतीचा पाऊस मेघगर्जना करीत येतो, आणि पठाराचा उघडा काठ ही वीज पडण्याची जागा असते. दुपारनंतर पूर्वेकडे ढग काळवंडताना दिसले की तट सोडावा. २०२० सालच्या ऑक्टोबरात कलबुर्गी जिल्ह्यात भीमेला मोठा पूर आला होता, हेही विसरू नये. एवंच, दसरा उलटल्यावर, आकाश दोन-तीन दिवस मोकळे राहिले की निघावे, हे उत्तम. दिवाळीच्या सुटीत शाळाही बंद असतात, त्यामुळे मुलांना बरोबर नेता येते. लातूरकडील मंडळींना उदगीर-भालकीवरून रेल्वे आहेच. आणि २०१७ सालच्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या सुमारे ११० किलोमीटरच्या लोहमार्गाने कलबुर्गीही बिदरला जोडले गेले आहे.

प्रवाशाच्या प्रश्नाचे उत्तर येथे संपते. परंतु या कड्याशी निगडित असा ऋतूचा दुसरा एक प्रश्न आहे, व तो अधिक जुना आहे. १३४७ साली स्थापन झालेल्या बहामनी राज्याची राजधानी गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस होती. अहमदशहा वली (कारकीर्द १४२२ ते १४३६) याने ती बिदरला हलविली. त्यामागे राजकारण होते, राज्याच्या मध्यावर असण्याची सोय होती. परंतु बिदरच्या हवापाण्याची स्तुतीही जुन्या इतिहासकारांनी केलेली आहे. आता हिशेब पाहिला तर कलबुर्गीची उंची सुमारे १५०० फूट, म्हणजे फरक ७०० फुटांचा. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश या मानाने एवढ्या चढाने उष्मा दीड अंशाहून फारसा कमी होणार नाही. केवळ दीड अंशासाठी कोणी राजधानी हलवीत नाही. बिदरचे खरे वैभव हवेइतकेच पाण्यात होते.

जांभा दगड सच्छिद्र असतो. पडलेला पाऊस तो स्पंजासारखा शोषून घेतो. त्याच्याखाली चिकणमातीचा थर व काळा पाषाण असल्यामुळे पाणी आणखी खाली मुरत नाही. ते आडवे सरकते, आणि जेथे कडा तुटतो तेथे झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. पापनाश, गुरु नानक झिरा, नरसिंह झरणी ही सारी पवित्र स्थाने अशा झऱ्यांवरच आहेत. नरसिंह झरणीत तर भाविक छातीइतक्या पाण्यातून, खडकातील लांब विवरातून देवापर्यंत जातात. बहामनी काळात इराणी पद्धतीची करेजही येथे खोदली गेली. जमिनीखालून हलक्या उताराने पाणी वाहून नेणारा हा बोगदा असतो, व त्याला ठिकठिकाणी विहिरीसारखी उभी तोंडे ठेवलेली असतात. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या नहरी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही कल्पना चटकन उमगेल. उन्हात पाणी आटू नये, वेढ्यात शत्रूच्या हाती पडू नये, हा तिचा हेतू. पावसाळ्याच्या चार महिन्यांतले पाणी वैशाखापर्यंत पुरविण्याची ही योजना होती. राजधानीची जागा निवडणाऱ्यांनी वर्षातला सर्वांत सुंदर ऋतू नव्हे, तर सर्वांत कठीण ऋतू डोळ्यांपुढे ठेवला असला पाहिजे.

मराठी मनातही बेदर हे नाव दुष्काळाशीच जोडलेले आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी भुकेल्यांसाठी सरकारी कोठारे खुली केली, आणि त्या धान्याचे मोल चुकते करावयास पांडुरंग सेवकाच्या वेषात बेदरच्या दरबारी गेला, ही कथा मराठी घराघरांत सांगितली जाते. ती कथा घडली त्या पावसाविनाच्या वर्षासारखी वर्षे पुढेही येत राहिली. १९७२ चा दुष्काळ वृद्धांच्या स्मरणात आहे. आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ते तर कालपरवाचे. बीडच्या बालाघाटात उगम पावून, लातूरला पाणी देऊन, बिदरच्या कड्याखालील खोऱ्यात येणारी मांजरा ती हीच.

म्हणून बिदरला जाणाऱ्याने दसऱ्यानंतरच जावे, स्वच्छ हवेत तटावर उभे राहून मनसोक्त पाहावे, आणि हिरव्या खोऱ्याचे कौतुकही करावे. परंतु पाहणे आटोपल्यावर कड्यावरून खाली एखाद्या झऱ्यापाशी अवश्य जावे, व पाणी किती आहे ते पाहावे. पठारावर नवी घरे वाढत आहेत, कूपनलिका खोल जात आहेत, करेजच्या तोंडांवर माती व कचरा पडला होता तो काढण्याचे काम अलीकडच्या काळातच हाती घेण्यात आले. कार्तिकात भरून वाहणारा झरा वैशाखात किती उरेल, हा प्रश्न तेथील रहिवाशांना दरवर्षी पडतो. प्रवासी आपल्या सोयीचा महिना निवडून येतो व जातो. त्यांना मात्र बाराही महिने तेथेच काढावयाचे असतात.