कर्जाची बदली

क्रेडिट कार्डाचें थकलेलें देणें एका बँकेकडून दुसरीकडे नेण्याच्या सोयीला ‘बॅलन्स ट्रान्सफर’ म्हणतात. नवी बँक जुन्या बँकेचें देणें परस्पर चुकतें करिते आणि तीच रक्कम आपल्या वहींत ऋणकोच्या नांवें मांडिते. देणें त्यामुळें एका पैशानेंहि घटत नाहीं. बदलतो तो धनको आणि व्याजाचा दर.

दख्खनच्या कुळांना खतपालट नवा नव्हता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें खताची मुदत तीन वर्षांची ठरली, तेव्हां ती सरतां सरतां सावकार नवें खत लिहून घेई आणि थकलेलें व्याज मुद्दलांत मिळवी. १८७५ सालीं सुप्यास कुळांनीं सावकारांचीं खतें जाळलीं, त्यामागें हाहि एक संताप होता. त्या पालटांत लाभ सावकाराचा होता; आजच्या पालटांत तो ऋणकोचा होऊं शकतो, पण हिशेब त्यानें स्वतः मांडला तरच.

समजा, एका पगारदार कुटुंबाच्या कार्डावर आजारपण, शाळेची फी आणि दिवाळी मिळून १,००,००० रुपये सांचले आहेत. भारतांत अशा देण्यावर दरमहा साडेतीन टक्के व्याज कांहीं अपूर्व नाहीं. म्हणजे पहिल्या महिन्याचें व्याज ३,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्क्यांप्रमाणें जीएसटी ६३०. गृहस्थानें ५,००० भरले, तर मुद्दलांतून वजा होतात अवघे ८७०! पुढें कार्डावर एक पैहि न खर्चतां तो दरमहा तितकेच भरीत राहिला, तरी कर्ज फिटावयास ४४ महिने लागतात आणि एकंदर सुमारें २,१६,००० रुपये जातात. शिवाय पूर्ण बिल न भरणाऱ्यास बिनव्याजी मुदत मिळत नाहीं. दूध-किराण्यावरहि खरेदीच्या दिवसापासून व्याज चढतें. राष्ट्रीय ग्राहक आयोगानें २००८ सालीं या व्याजाला वार्षिक ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०२४ मध्यें तो निर्णय रद्द केला. तेव्हां त्या बाजूनें दिलाशाची वाट पाहण्यांत अर्थ नाहीं.

आतां तेंच देणें दरमहा दीड टक्का व्याजानें, २४ समान हप्त्यांच्या करारावर दुसऱ्या बँकेकडे गेलें असें धरावें. हप्ता पडतो ४,९९२ रुपये. व्याजावरील कर पहिल्या महिन्यांत २७०, पुढें उतरता. बँकेची आकारणी दोन टक्के असली तर ती करासह २,३६०. सर्व मिळून सुमारें १,२५,७०० रुपयांत कर्ज फिटतें. घरांतून दरमहा जाणारा पैसा जवळजवळ तेवढाच. पण ९०,००० रुपये वांचले आणि सुटका वीस महिने आधीं झाली.

मेख आहे ती रिकाम्या झालेल्या जुन्या कार्डांत. तें घरच्या मंडळींना नव्या मिळकतीसारखें भासतें. सहा महिन्यांत त्यावर पुन्हां खर्च चढला, कीं एका कर्जाचीं दोन झालीं आणि पगार मात्र एकच! कर्जाचा आकडा ज्या घरांत एकट्या गृहस्थालाच ठाऊक असतो, तेथें हें घडण्याचें भय अधिक. पत्नीनें सणाचा बेत आंखावा आणि त्यानें संकोचानें ‘हो’ म्हणावें, एवढें पुरतें.

अमेरिकेंत या सोयीचा थाट निराळा आहे. तेथें पुष्कळ कार्डें १२ ते २१ महिने शून्य टक्के व्याज देऊं करितात. आकारणी बहुधा तीन ते पांच टक्के. २००९ च्या कायद्यान्वयें असा आरंभींचा दर निदान सहा महिने टिकविणें भाग आहे. मुदत सरली कीं उरलेल्या रकमेवर नेहमींचा भारी दर सुरू होतो. म्हणून आकारणीसह रकमेला महिन्यांनीं भागावें, आणि येणारा आकडा पगारांत बसत नसेल तर अर्जच करूं नये.

जुन्या खात्यांत रक्कम जमा झाल्याची खात्री पटेपर्यंत तेथील भरणा चुकवूं नये. त्यानंतर तें कार्ड बंद करण्याचा लेखी अर्ज द्यावा. रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं काढलेल्या निर्देशांत, सर्व देणें चुकतें असल्यास असा अर्ज कामकाजाच्या सात दिवसांत अमलांत आणण्याचें बंधन बँकेवर घातलें. उशीर झाल्यास दर दिवशीं ५०० रुपये ग्राहकास द्यावे लागतात.