वारी चालू राहावी म्हणून : शुगर, डोळे आणि पाय
(दिंडीच्या शताब्दीनिमित्त मुक्कामावर, हरिपाठानंतर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आम्ही काही कीर्तनकार नव्हे. दिंडीच्या मागून औषधाची पेटी घेऊन चालणारी आम्ही माणसं. कुणी डॉक्टर, कुणी परिचारिका, कुणी पट्टी बांधणारं पोर. तेव्हा आमच्याकडून निरूपणाची अपेक्षा धरू नका. दिंडीला शंभर वर्षं झाली. ती नामाच्या बळावर चालते हे खरंच. पण आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटरचा रस्ता तुडवायला पाय लागतात, आणि कळस दिसायला डोळे लागतात. ज्यांना शुगर आहे त्यांच्या या दोन गोष्टींबद्दल आज बोलायचं आहे.

दिवेघाट चढून सासवडला मुक्काम पडला की आमच्या पेटीपुढं रांग लागते. कुणाची पाठ, कुणाचे गुडघे, कुणाच्या तळव्याला फोड. आम्ही विचारतो, "शुगर आहे का?" उत्तर येतं, "आहे की, पण तिचा काही त्रास नाही." माउली, याच एका वाक्यासाठी आज आम्ही उभे आहोत.

दाढ दुखली तर माणूस रात्रभर झोपत नाही, सकाळी डॉक्टरांकडं पळतो. शुगर तसं काही करत नाही. रक्तात जास्तीची साखर वर्षानुवर्षं राहिली की बारीक रक्तवाहिन्या आतून खराब होतात. तुमच्यापैकी पुष्कळांच्या शेतात ठिबक आहे. पाण्यात क्षार असले की नळीची भोकं हळूहळू बुजतात. वरून नळी धडधाकट दिसते, पीक माना टाकायला लागलं की मग कळतं. शरीरात तसंच होतं. डोळ्याचा पडदा, मूत्रपिंडं आणि पायाच्या नसा, या बारीक वाहिन्यांवर जगणाऱ्या जागा. घाव तिथं आधी बसतो.

आधी डोळ्यांचं सांगतो. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला पडदा असतो. समोरचं चित्र त्याच्यावर उमटतं. तिथल्या वाहिन्या कमजोर झाल्या की त्यांतून पाणी आणि रक्त झिरपतं. पुढं काही वाहिन्या बंद पडतात आणि नव्या, कच्च्या वाहिन्या उगवतात. त्या फुटल्या की डोळ्यापुढं काळे ठिपके येतात, जाळं येतं, कधी एकदम अंधार होतो. पण ही वेळ येईपर्यंत माणूस पोथी वाचत असतो, सुईत दोरा ओवत असतो. नजर चांगली आहे म्हणजे पडदा चांगला आहे, असं समजू नका.

गावात शिबिर झालं, चष्म्याचा नंबर काढला, म्हणजे डोळे तपासून झाले असं बरीच मंडळी धरून चालतात. नंबर काढणं वेगळं, मोतीबिंदू बघणं वेगळं आणि पडदा बघणं वेगळं. पडदा बघायला डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी करतात, किंवा खास कॅमेऱ्यानं पडद्याचा फोटो घेतात. दुखत काहीच नाही. थेंब टाकले तर काही तास धूसर दिसतं आणि ऊन टोचतं, म्हणून त्या दिवशी मोटारसायकल चालवू नका, सोबत कुणाला तरी न्या. डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा, "मला शुगर आहे, पडदा तपासा."

कधी तपासायचा? मोठेपणी होणारी जी नेहमीची शुगर, ती कळली त्याच वेळी एकदा, आणि मग दरवर्षी. शुगर कळली आज, पण ती शरीरात किती वर्षं होती हे कुणाला माहीत? म्हणून पहिली तपासणी लांबवायची नाही. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्या पोरांची तपासणी शुगर कळल्यापासून पाच वर्षांच्या आत सुरू करायची. शुगर असलेल्या सुनेला किंवा लेकीला दिवस गेले, तर सुरुवातीच्या महिन्यांतच पडदा बघून घ्यायचा.

मोतीबिंदू काढला की गेलेली नजर परत येते, हे गावानं पाहिलेलं आहे. पडद्याचं तसं नाही. लेसर आहे, डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत, काही वेळा शस्त्रक्रिया आहे. उपचार चांगले आहेत, पण त्यांचं मुख्य काम उरलेली नजर राखण्याचं. जे गेलं ते सगळं परत मिळेलच असं नाही. म्हणून दिसत असतानाच जायचं.

आता पाय. शुगरनं पायाच्या नसा मरगळतात. आधी मुंग्या येतात, रात्री तळवे जळजळतात, आणि मग हळूहळू कळायचंच बंद होतं. चपलेत खडा गेला तरी माणूस दिवसभर चालतो. पायातली चपल निसटून मागं राहिली तरी पत्ता नसतो. त्यात रक्तपुरवठा कमी झालेला असला तर जखम भरत नाही. फोडाची जखम होते, जखम हाडापर्यंत जाते, आणि शेवटी बोट किंवा पाय काढायची पाळी येते. तंबाखू, बिडी, मिश्री यांनी वाहिन्या आणखी आवळतात. गळ्यात माळ घालताना पुष्कळांनी बरंच काही सोडलं, त्यात हेही बसवा.

इथं एक नाजूक गोष्ट बोलायला हवी. एका वारीत तुळशीवाल्या आजींच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडलेला आम्हाला दिसला. आत पू झालेला. कधी मोडला म्हणून विचारलं, तर आजींना काटा मोडल्याचंच ठाऊक नव्हतं. अनवाणी चालण्याचा त्यांचा वीस वर्षांचा नेम. त्या म्हणाल्या, "आधी खडे टोचायचे बाबा, आता टोचतच नाहीत. देवानं पाय पक्के केले." पाय पक्के झाले नव्हते माउली, बधिर झाले होते.

नेम मोडा असं सांगणारे आम्ही कोण? तो अधिकार आमचा नव्हे. आम्ही एवढंच म्हणालो, "आजी, तुम्ही नेम धरला तेव्हा खडा टोचत होता आणि तुम्ही तो देवाच्या नावानं सोसत होता. आता टोचतच नाही, तर सोसणं कुठं राहिलं? राहिला तो नुसता धोका." आजी बराच वेळ गप्प बसल्या. मग दिंडीतल्या वडीलधाऱ्यांनीच मार्ग काढला. रस्त्यानं चालताना पायात चपला, पादुकांच्या दर्शनाला आणि समाजआरतीला तेवढे पाय मोकळे. आजी यंदाही चालल्या. त्यांचे दोन्ही पाय शाबूत आहेत.

अनवाणीचा नेम ज्यांचा आहे आणि शुगरही आहे, त्यांनी निघण्याआधी पायाची तपासणी करून घ्यावी. डॉक्टर नायलॉनचा एक धागा तळव्याला टेकवतात आणि कळतं का विचारतात. दोन मिनिटांचं काम. धागा कळत नसेल, तर आपल्या फडाच्या महाराजांशी बोला आणि रस्त्यावर चपल घाला. मऊ तळाची, मागं पट्टा असलेली चपल घ्या. एमसीआर रबराची मिळते, ती चांगली. वारीच्या पहिल्या दिवशी कोरी चपल घालू नका. महिनाभर आधी घरात, शेतात वापरून पायाला बसवा. घालण्याआधी दरवेळी आत हात फिरवून खडा, काटा, वर आलेली चूक बघा.

मुक्कामावर पोचल्यावर कढत पाण्यात पाय घालायची आपली सवय असते. बधिर पायाला चटका कळत नाही. पाणी आधी कोपरानं बघा, किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाला बघू द्या. पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. पावसाच्या दिवसांत तिथंच चिखल्या होतात. टाचेला तेल लावा, बेचकीत नको. नखं सरळ कापा, कोपरे कोरू नका. कुरूप ब्लेडनं काढू नका. भेगांना आणि काट्याच्या जागी बिब्बा घालतात, तो शुगरच्या माणसाला मुळीच नको. त्यानं कातडी भाजते आणि नवी जखम होते. फोड आला तर फोडू नका, स्वच्छ पट्टी बांधून आमच्याकडं या. पायाला उघडी जखम असेल तर चंद्रभागेत पाय घालू नका, तीर्थ डोक्याला लावा.

पाय लाल झाला, गरम लागला, सुजला, पू किंवा वास आला, बोट काळं पडलं, तर "दुखत नाही" म्हणून थांबायचं नाही. न दुखणारी जखमच शुगरमध्ये जास्त वाईट. त्याच दिवशी चालणं थांबवून गाडीत बसा आणि दवाखाना गाठा. वारी राहिली तर पुढच्या वर्षी आहे.

वाटेतलं एक सांगून ठेवतो. चालण्यानं शुगर उतरते. गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी चाललात, एकादशीला तर विशेष, तर ती एकदम खाली येऊ शकते. हातपाय थरथरले, घाम सुटला, डोकं हलकं झालं, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, बसा, पंधरा मिनिटांनी परत बघा, आणि मग काहीतरी खा. साखरेची पुडी खिशात हवीच. उपवास कसा करायचा आणि औषध किती घ्यायचं, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. मनानं गोळ्या बंद करू नका. वाटेत माणसं प्रेमानं शिरा देतात, गोड चहा देतात. प्रसाद नाकारू नका, कणभर घ्या.

दिंडीसाठी आमची एक विनंती. आपल्या संप्रदायात लहानथोर सगळे एकमेकांच्या पाया पडतात. हरिपाठ संपला की आपण वाकतोच. शताब्दीच्या वर्षापासून एवढं करा. शुगरच्या माणसांनी जोड्या लावून घ्याव्यात, आणि वाकल्यावर बॅटरीच्या उजेडात एकमेकांचे तळवे, टाचा, बेचक्या बघाव्यात. स्वतःचा तळवा स्वतःला दिसत नाही, दुसऱ्याला दिसतो. दहा मिनिटं लागतील. नाव नोंदवताना दिंडीच्या वहीत शुगर आहे का आणि पडदा कधी तपासला, हे दोन रकाने वाढवा. ज्यांचा रकाना कोरा असेल त्यांना वारी आटोपून घरी गेल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागात पाठवायचं काम गावच्या वारकऱ्यांनी घ्यावं. दिवाळीच्या आत सगळे रकाने भरलेले असावेत, एवढंच आमचं मागणं.

आमचं बोलणं संपलं. आता पेटी उघडी आहे. ज्यांना शुगर आहे त्यांनी चपला काढून इकडं यावं, आजपासूनच सुरुवात करू.

राम कृष्ण हरी!