दिवाळीचा किल्ला आणि खोक्यातले मावळे

दिवाळीचा किल्ला म्हणजे चिमुकल्या सैन्याचा खेळ.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत सहामाही परीक्षा संपते, आणि सोसायटीच्या आवारात दगडविटा रचल्या जातात.
त्यावर गोणपाट. गोणपाटावर चिखल.
चिखलावर अळीव पेरले, की तीन-चार दिवसांत डोंगर हिरवा होतो.

मग येतात मावळे.
श्रोतेहो, मांडणीत एक गोष्ट फार मोलाची.
मोठे मावळे पायथ्याशी, लहान मावळे माथ्यावर.
त्यामुळे किल्ला उंच भासतो.
लक्षात असू द्या, मोठे खाली, लहान वर.

कल्याणच्या मुलांना नमुना जवळच आहे.
खाडीकाठचा दुर्गाडी किल्ला.
१६५७ मध्ये कल्याण स्वराज्यात आले, आणि मराठ्यांच्या आरमाराचा आरंभ याच खाडीशी जोडला जातो.
म्हणून इथल्या दिवाळीच्या किल्ल्यापुढे कागदाचे गलबत हवेच!

असे छोटे सैनिक जगभर मांडले जातात.
इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये अशा खेळाचे नियम पुस्तकात मांडले.

खरे जपण्याचे काम दिवाळीनंतरचे.
प्लास्टरचा मावळा पाणी शोषतो.
धुतला, की रंग सुटतो.
म्हणून तो धुऊ नये.
चिखल पूर्ण वाळू द्यावा, मग कोरड्या ब्रशने हलकेच झाडावा. आधी चेहरा, मग पागोटे, शेवटी पाय.

प्रत्येक मावळा वेगळ्या कागदात गुंडाळावा.
घोडेस्वार एका खोक्यात, पायदळ दुसऱ्यात.
खोक्यावर नाव लिहावे.
पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीपासून ते दूर ठेवावे.

मोडलेली तलवार, निखळलेला हात टाकू नये.
काडेपेटीत ठेवावा.
पुढच्या दिवाळीआधी तो गोंदाने चिकटवता येतो.