न लिहिलेले वाचावयास शिकविणे

(समाजाच्या वार्षिक गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आज येथे गुणवंत मुलांचा सत्कार झाला, तो यथायोग्यच झाला. परंतु गुणपत्रिकेत ज्याला रकाना नाही अशा एका गुणाविषयी मी चार शब्द बोलणार आहे. चौथी-पाचवीतील मूल धडा खडखडीत वाचून दाखविते. गोष्टीतला मुलगा कोठे गेला असे विचारताच ते बिनचूक सांगते, कारण ते धड्यात छापलेले असते. पण तो का गेला असावा, असे विचारले की ते पुस्तकाकडे न पाहता गुरुजींच्या तोंडाकडे पाहू लागते. हे उत्तर छापलेले नसते. जे छापलेले आहे त्यावरून ते काढावयाचे असते. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी आहे असे जाणणे, हा अनुमानाचा आपल्या न्यायशास्त्रातील जुना दृष्टांत आहे.

आपल्या शिंपी समाजाला तर ही विद्या परकी नाही. जुना सदरा दुरुस्तीस आला, त्याचे एक कोपर अधिक झिजलेले व एका खांद्याची शिवण ताणलेली दिसली, की जाणता कारागीर गिऱ्हाईक न पाहताही सांगे की, हा मनुष्य अमक्या खांद्यावर ओझे वाहतो. कापडावर ते कोणी लिहून ठेविलेले नसे. मात्र तो हवेत तर्कही करीत नसे. झिजलेली जागा बोटाने दाखवी. मुलाने वाचताना हेच करावयाचे. अनुमान सांगावे आणि ते ज्या वाक्यावरून काढले त्यावर बोट ठेवावे. बोट ठेवता आले नाही तर ती नुसती कल्पना. कल्पना वाईट नव्हे. पण ते अनुमान नव्हे.

हे शिकविण्याचा मला पटलेला मार्ग म्हणजे एका वेळी एकच लेखक घ्यावा आणि त्याचे पुष्कळ वाचावे. पाठ्यपुस्तकात दर धड्याला नवा लेखक येतो. ओळख होण्यापूर्वीच तो निघून जातो. शेजाऱ्याच्या अर्ध्या शब्दावरून आपण त्याचे मन जाणतो ते सहवासामुळे. लेखकाचेही तसेच आहे.

साने गुरुजींचेच उदाहरण घ्या. 'श्यामची आई' हे पुस्तक त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले, ही माहिती मुलांना पहिल्या दिवशी सांगण्याचे कारण नाही. चरित्र आधी सांगितले की मूल शोधावयाचे थांबते. आधी गोष्ट वाचावी. अळणी भाजीची गोष्ट आपणांस ठाऊक असेल. आई भाजीत मीठ घालावयास विसरते, वडील काही न बोलता जेवतात, आणि आई स्वतः जेवावयास बसते तेव्हा तिला ते कळते. आता मुलांना विचारावे, वडील का बोलले नाहीत? एखादा म्हणेल, त्यांना चव कळली नसेल. त्याला हसू नये. गोष्टीत आधार शोध, असे सांगावे. दुसरा प्रश्न अधिक कठीण. कोणी एका शब्दानेही बोलले नाही, तरी आईला वाईट का वाटले? गुरुजींची एक रीत अशी की, भावार्थ ते पुष्कळदा स्वतःच सांगून टाकतात. म्हणून वाचणाऱ्याने त्या जागेच्या अलीकडे थांबावे, पुस्तक मिटावे, आणि मुलांना बोलू द्यावे.

दुसरी गोष्ट त्याच पुस्तकातील. एका वृद्ध महार स्त्रीची मोळी खाली पडलेली असते. आई श्यामला ती उचलून द्यावयास सांगते आणि घरी येऊन आंघोळ करावयासही सांगते. एवढी दयाळू आई आंघोळ का सांगते? हा प्रश्न मुलाने विचारला तर घरातील मोठी माणसे चुळबुळ करतात. कृपा करून त्याला गप्प करू नका. तिला माणुसकी कळत होती आणि गावाच्या चालीचा धाकही होता, या दोन्ही गोष्टी त्या एका सांगण्यात आहेत, हे दहा वर्षांचे मूल काढू शकते. त्यानंतर त्यास सांगावे की, अस्पृश्य मानलेल्या बांधवांना पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात प्रवेश मिळावा म्हणून याच लेखकाने १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले. आंघोळीच्या त्या वाक्यापासून पंढरपूरपर्यंत लेखक कसा चालत गेला असेल, हे मग ते मूल आपण होऊन बोलू लागते. चरित्राची जागा येथे आहे.

आणि पंढरपूर आपल्याला दूरचे नाही. महाद्वाराशी नामदेवरायांच्या पायरीचे दर्शन आपण घेतो. समोरच चोखोबांची समाधी आहे. त्यांच्या अस्थी मंगळवेढ्याहून नामदेवांनी आणल्या, अशी परंपरा आहे. ती समाधी दाराच्या बाहेर का, हेही न लिहिलेलेच आहे. या वर्षी वारीला मुलांना नेणाऱ्यांनी तेवढे विचारून पाहावे.

गाइडे आणि धड्याखालची तात्पर्ये यांविषयी फार बोलत नाही. दुसऱ्याने चावून दिलेल्या घासाने दात बळकट होत नाहीत, एवढेच.

गुरुजींनंतर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्यावा. तेथे रडू नाही, धावपळ आहे. खुणांवरून माणूस शोधण्यात मुले इतकी रमतात की त्यांना शिकविल्यासारखे वाटतही नाही.

आता कार्यकारिणीस एक विनंती. वह्यावाटपाच्या रकमेतून प्रत्येक शाखेस एकाच लेखकाची चार-पाच पुस्तके घेऊन द्यावीत. दिवाळीच्या सुट्टीनंतर दर रविवारी तासभर मुलांना एकत्र बसवावे. एकाने मोठ्याने वाचावे, इतरांनी थांबवून विचारावे. आईवडिलांचे शिक्षण किती झाले याची अडचण नाही, हातातली शिवण न सोडताही "हे तुला कशावरून वाटले?" एवढे विचारता येते. पहिल्या सहामाहीसाठी गुरुजींची पुस्तके माझ्या कपाटात आहेत, ती मी मंडळाच्या हवाली करतो. वाचून परत आली नाहीत तरी चालेल.